हिंसादान

मामाजी गेल्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही त्यांची बंदूक ठाण्यात जमा करायला गेलो. हे आणि मी. खरे तर माझे तिथे काही काम नव्हते, पण यांचा चष्मा आदल्या दिवशी फुटला होता आणि कागद वाचायला कोणीतरी हवे होते. मुन्शींनी रजिस्टर उघडले, मामाजींचे लायसन शेजारी ठेवले आणि म्हणाले, "नंबर पढ़िए."

तीस वर्षे मी ते लोखंडी कपाट बाहेरून पुसले आहे. दिवाळीच्या सफाईत बंदूक बाहेर निघायची, मामाजी स्वतः नळीतून तेलाची चिंधी ओढायचे, आणि तेवढा वेळ आम्ही बायका त्या खोलीत जायचो नाही. निवडणूक लागली की सगळ्या लायसनवाल्यांसारखी तीही ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. जैनाच्या घरात बंदूक, हे सगळ्यांनाच थोडे चोरट्यासारखे वाटायचे. मंदिरातली मंडळी घरी आली की सासूबाई कपाटाचा पडदा नीट ओढून घ्यायच्या. अशी ती बंदूक त्या दिवशी मी पहिल्यांदा जवळून पाहिली, तीही तिच्यावरचे वाचायला. नळीवर आकडे होते. त्यांच्या शेजारी, खिळ्याच्या डोक्याएवढ्या अंडाकृती चौकटीत, तीन रोमन अक्षरे होती: ई, एल, जी. वर एक मुकुट. मुन्शींना त्या अक्षरांचे काही नव्हते. त्यांनी नंबर लायसनशी ताडून पाहिला, "बारह बोर, एक नाली" असे लिहिले आणि पावती फाडून दिली.

माझे बी.ए. इतिहासात झाले आहे. संसारात त्याचा उपयोग मुलांचे पाठांतर घेण्यापलीकडे झाला नाही, पण खोड गेली नाही. ती तीन अक्षरे काही मला सोडेनात.

ती बेल्जियममधल्या लिएज शहराची खूण निघाली. लिएज हे बंदुकीच्या कारागिरांचे जुने गाव. तिथे तयार झालेली प्रत्येक नळी सरकारी तपासणीघरात न्यायची, तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी फुटली नाही तर तिच्यावर हा शिक्का मारायचा. मडके विकत घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या शौकिनांकडे इंग्रजी बंदुका असत, आणि तेवढा पैसा नसलेल्यांकडे अशा बेल्जियमच्या. आमची मामाजींच्या वडिलांनी एका मालगुजाराकडून घेतलेली. 1951 साली मध्य प्रदेशात मालगुजारी संपली, तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याकडच्या वाड्यांतून बरेच काही विकायला निघाले. घोडे निघाले, बग्ग्या निघाल्या, पितळी समया निघाल्या. आमच्या आजेसासऱ्यांचे कापडाचे दुकान, दुकानात रोकड, आणि रात्री घर गावाच्या टोकाला. त्यांनी रीतसर परवाना काढून बंदूक घेतली.

'बारा बोर' म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. बाराचा संबंध इंचाशी नाही. एक रतल शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या वळल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोर. सोळा गोळ्या वळल्या तर गोळी लहान, म्हणून सोळा बोरची नळी अरुंद. एका परातीतल्या पिठाचे किती लाडू, असा हा सरळ हिशेब आहे. बारा बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. पिस्तूल आणि रायफल यांचे माप मात्र इंचात किंवा मिलिमीटरमध्येच सांगतात.

मग मी नळी कशी करतात त्याच्या मागे लागले. पोकळ लोखंडी दांडा करणे वाटते तेवढे सोपे नाही. नळीच्या आत दारूचा स्फोट व्हायचा आणि तो फक्त पुढच्या तोंडाने बाहेर पडायचा. सांधा कच्चा असेल तर बार काढणाऱ्याचाच हात जातो. जुनी रीत म्हणजे लोखंडाचा पत्रा गजावर गुंडाळायचा, दोन्ही कडा एकमेकींना भिडवायच्या आणि तापवून ठोकायच्या. ही नळी शिवणीवर फाटायची. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फझलने बंदुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि अकबराने रूढ केलेली रीत त्यात दिली आहे. पत्रा तिरका, कागदाच्या सुरळीसारखा गुंडाळत न्यायचा, एका वेढ्यावर दुसरा वेढा चढवायचा आणि मग हळूहळू तापवत एकजीव करायचा. तिरक्या वेढ्यांमुळे लांबलचक शिवण राहत नाही. सोळा नळ्या एकाच वेळी आतून घासणारे, जनावराच्या बळावर फिरणारे चाकही त्यात वर्णिले आहे.

त्या प्रकरणातल्या एका गोष्टीवर मात्र मी थबकले. बादशहाच्या कारखान्यातल्या बंदुकीवर काय काय कोरायचे त्याची तिथे यादीच आहे: लोखंड कुठून आले, त्याचे वजन, कारागिराचे नाव, बनवण्याची जागा, तारीख आणि अनुक्रमांक. म्हणजे ठाण्यातल्या मुन्शींनी मला जे वाचायला सांगितले, ते चारशे वर्षांपूर्वी आग्र्या-फत्तेपुरातही कोणीतरी वाचत होते. आजच्या आपल्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम तेच सांगते. बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव किंवा नंबर हवा, आणि तो खोडणे हा गुन्हा. (हाच अकबर 1583 मध्ये हीरविजय सूरींना बोलावून घेतो आणि पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान काढतो. सकाळी सूरींचे ऐकायचे आणि संध्याकाळी नव्या नळीचा नेम पाहायचा, हे त्याला कसे जमले असेल ते तोच जाणे. आमच्या घरातल्या पडद्यामागच्या कपाटाला तरी त्याला हसता आले नसते.)

ही झाली माणसाने मुद्दाम घातलेली खूण. दुसरी खूण नळीला नकळत पडते, आणि न्यायवैद्यक शास्त्राचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

आता नळी गुंडाळून करत नाहीत. पोलादाचा भरीव दांडा लांब गिरमिटाने आरपार भोकतात, आतून घासून सारखा करतात. रायफलची किंवा पिस्तुलाची नळी असेल तर तिच्या आत फिरत्या खाचा पाडतात. आपण त्यांना आटे म्हणू. गोळी त्या आट्यांत पकडली जाते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून ती सरळ जाते. हे आटे कधी एकेक कापून काढतात, कधी नळीतून कठीण धातूचे बोंड ओढून दाबतात, कधी आत साचा ठेवून बाहेरून घण मारतात. रीत कोणतीही असो, हत्याराची धार झिजते, तिला बारीक टवके पडतात, आणि ते टवके नळीत उमटतात. एका यंत्रावर एकामागून एक केलेल्या दोन नळ्यासुद्धा आतून सारख्या नसतात. शेवेचा सोऱ्या वापरणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. साच्याच्या भोकाला एक बारीक खरचटा असला तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक शेवेवर तशीच रेघ येते. शेव पाहून साचा ओळखता येतो.

गोळी पाहून नळी ओळखायची तर दोन गोळ्या शेजारी शेजारी एकाच दृष्टीत दिसल्या पाहिजेत. ते जुळवणारे जोडभिंगाचे सूक्ष्मदर्शक 1925 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाला लावले. आपल्याकडे 1930 मध्ये कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमला आणि छोटी प्रयोगशाळा काढली. आमच्या मध्य प्रदेशाची न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला, 1964 पासून. संशयित बंदुकीतून तिथे पुन्हा बार काढतात आणि घटनास्थळी मिळालेल्या गोळीशी तो ताडून पाहतात.

आमच्या बारा बोरच्या नळीत आटे नाहीत. ती आतून पाटा-वरवंट्यासारखी गुळगुळीत. तिच्यातून छर्रे जातात, आणि छर्ऱ्यांवरून ते कोणत्या नळीतून आले ते सांगता येत नाही. पण काडतुसाचे बूड सांगते. घोडा पडला की त्याची टोचणी बुडावरच्या टोपीत खड्डा पाडते, आणि स्फोटाच्या धक्क्याने ते बूड मागच्या पोलादावर आपटते. दोन्हींचे ठसे त्याच्यावर राहतात. पाण्याच्या पाइपाचा तुकडा लावून केलेला गावठी कट्टा पकडला, तरी बहुतेक वेळा तज्ज्ञ आधी रिकाम्या काडतुसाचे बूडच मागतात. ठासणीच्या बंदुकीत तेही नाही. दारू, गोळी, चिंधी सगळे तोंडातून ठासायचे, मागे काहीच उरत नाही. पूर्वीच्या राज्यांत नागपूरच्या भोसल्यांचे अरब तोड्याच्या बंदुका घेऊन लढले, 1817 मध्ये सीताबर्डीलाही. तोडा म्हणजे पेटती वात. ती रंजकाला लागली की बार. त्या बारांचा पत्ता कोणी मागितला नसता आणि मिळालाही नसता.

पत्ता मागायला सुरुवात झाली 1857 नंतर. आधी उठावाच्या धामधुमीत शस्त्रे काढून घेणारे कायदे झाले, 1860 मध्ये एक झाला, आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा मोठा कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लावणारा कायदाही त्याच वर्षीचा. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने काही वर्षांत मागे घेतला, शस्त्रांचा मात्र 1962 पर्यंत चालला. या कायद्याने देशी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. कातडीवरून केलेला हा भेद कागदावरून जायला 1920 साल उजाडले.

आमच्या भागातली याची आठवण नागपूरची आहे. सौंसरहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. 1956 पर्यंत आमची राजधानीच ती होती. 1927 मध्ये तिथे मंचेरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. पारशी गृहस्थ, काँग्रेसचे कार्यकर्ते. विनापरवाना शस्त्र हातात घेऊन उघड उघड रस्त्याने जायचे आणि अटक करून घ्यायची, अशी ती रीत. त्यांना शिक्षा झाली, ते तुरुंगात गेले. गांधीजींना हे पटले नव्हते. हातात शस्त्र घेऊन सविनय कायदेभंग कसा, असा त्यांचा आक्षेप, आणि त्यांनी 'यंग इंडिया'त तो मांडला.

शाळेत असताना मला वाटायचे, गांधीजींना शस्त्र कायदा कडक हवा असणार. तसे नव्हते. संपूर्ण देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या वाईट कृत्यांतला एक फार काळा डाग आहे, असे त्यांचे मत होते, आणि 1930 च्या आरंभी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मिठाच्या कराबरोबर हीसुद्धा होती: स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, आणि ते देण्यावर लोकांचे नियंत्रण असू द्या. श्रीमद् राजचंद्रांना मार्गदर्शक मानणारा माणूस परवाने मागतो, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला आमच्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यात, तुरियाला, जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळी चालवली. तीन बाया आणि एक पुरुष गेला. सरकारच्या बंदुकीला परवाना तेव्हाही लागत नव्हता, आताही लागत नाही.

पांढुर्ण्याच्या माणसाने हे लिहिताना गोटमारीचा उल्लेख टाळला तर गावात हसू होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि दोन्हीकडून दगड. प्रशासन दरवर्षी जमावबंदी लावते, गोफणीवर बंदी घालते. दगडावर कोण बंदी घालणार? त्याच्यावर कोणत्या कारागिराचे नाव? माझ्या माहेरी, सौंसरला, त्या दिवशी पांढुर्ण्याच्या सुनेची विचारपूस करायला हमखास फोन येतो.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला तो. दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचा स्वाध्याय चालतो. त्यात श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत येते. विनाकारण घडणारे पाप टाळायचे व्रत. त्याचे पाच भेद सांगितले आहेत, त्यांतला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव, शस्त्र, विष, साखळी, म्हणजे ज्याने जीव जाऊ शकतो अशी वस्तू दुसऱ्याला देणे. तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांनी तर सागारधर्मामृतात, जिथे आपसातला देण्याघेण्याचा व्यवहार नाही तिथे स्वयंपाकासाठी विस्तवही देऊ नये, इथवर बजावले आहे. लहानपणी मला हे हास्यास्पद वाटे. आमच्या वाड्यात बायका रोज एकमेकींकडून विस्तव न्यायच्या. आता वाटते, त्या ग्रंथकारांना गुन्ह्याचा तपास ठाऊक होता. मारणाऱ्याचा हात सगळ्यांना दिसतो. वस्तू त्याच्या हातात कुठून आली, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

शस्त्राचा परवानाही मुळात हेच विचारतो, आणि मराठी मुलखातले दोन मोठे खटले याच प्रश्नावर चालले. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगचे. त्या नावाची पिस्तुले युरोपात हेर्स्टालला बनत, आणि हेर्स्टाल लिएजला लागूनच आहे. आमच्या कपाटातल्या बंदुकीच्या गावचेच म्हणायचे. अशी वीस पिस्तुले सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली होती. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकर त्या वेळी नाशकात नव्हते, देशातही नव्हते. 30 जानेवारी 1911 ला त्यांना जॅक्सन वधाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप सुनावली गेली, ती पिस्तुलांच्या पुरवठ्यावरून. तेव्हा गोळी आणि नळी जुळवणारे भिंग नव्हते. पिस्तुलांचा प्रवास सांगितला तो माणसांनी. चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले.

दुसरा खटला 1948 चा. 30 जानेवारीला दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या इटालियन बेरेटा पिस्तुलातून. नंबर 606824. मारणारा जागेवरच पकडला गेला होता, शेकडो लोकांनी पाहिले होते. तरीही पिस्तूल आणि रिकामी काडतुसे पंजाबातल्या फिल्लौरच्या प्रयोगशाळेत गेली, आणि काडतुसे याच पिस्तुलातली आहेत असे तिथल्या तज्ज्ञाने न्यायालयात सांगितले. नाशिकला जे माणसांना बोलावे लागले, ते इथे धातूनेही सांगितले. पण त्याने उत्तर मिळाले ते अर्ध्याच प्रश्नाचे. हे पिस्तूल गोडसेच्या हातात आले ते ग्वाल्हेरहून, हत्येच्या दोनच दिवस आधी, विनापरवाना. लाल किल्ल्यातल्या खटल्यात खुनाबरोबर शस्त्र कायद्याचीही कलमे होती. पिस्तूल मिळवून देण्यात हात असल्याच्या आरोपावरून ग्वाल्हेरच्या डॉ. परचुरे यांना विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि 1949 मध्येच पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. नळीच्या आतले ओरखडे कोणत्या पिस्तुलाचा बार ते सांगतात. हातोहात झालेल्या देवघेवीचा ओरखडा कुठल्या भिंगाखाली दिसत नाही. त्यासाठी रजिस्टर लागते, आणि ग्वाल्हेरच्या त्या देवघेवीचे रजिस्टर नव्हते.

इथवर सगळे स्वच्छ दिसते. द्यायची नाही म्हणजे नाही. मामाजी तसेच वागले.

माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. आमच्या संत्र्याच्या बागेला लागून दुसऱ्याचे वावर होते, त्यात भुईमूग. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. त्या वावरातला सालदार रोज जागलीला जायचा. एका संध्याकाळी तो ओसरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, एक रात बंदूक द्या ना जी. मारत नाही, निसता आवाज काढतो." मामाजींनी शांतपणे त्याला सांगितले की लायसन माझ्या नावाचे आहे, ते दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, आणि आमच्यात हत्यार देत नाहीत. दोन्ही कारणे खरी होती. तो चहा पिऊन गेला.

तिसऱ्या रात्री बांधावर डुकराने त्याची मांडी फाडली. बैलगाडीतून पांढुर्ण्याला आणले, तिथून नागपूरला. जीव वाचला, पाय गेल्यासारखाच झाला. मामाजींनी खर्च केला, पुढे दरवर्षी त्याच्या घरी धान्य पाठवले. सासूबाई मामाजींसमोर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून त्या एवढेच म्हणाल्या, "द्यायची नव्हती ना? मग तुम्ही जायचं होतं."

त्याला उत्तर नव्हते. स्वसंरक्षणाची हिंसा गृहस्थाला सुटत नाही हे आमचे शास्त्रही मानते, तिला विरोधी हिंसा म्हणतात. पण दुसऱ्याच्या रक्षणासाठी रात्री वावरात जाऊन हवेत एक बार काढणे कोणत्या रकान्यात बसते, ते स्वाध्यायात कोणी विचारले नव्हते. त्यानंतर मामाजींनी बंदूक कधी दुकानातही नेली नाही. लायसन मात्र दर तीन वर्षांनी नवे करत राहिले. मी एकदा विचारले होते, विकून का टाकत नाही. ते म्हणाले, "विकली तरी देणंच झालं."

आता तो प्रश्न आमच्याकडे आला आहे. परवानाधारक गेला की वारसाने बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारी दुकानदाराकडे जमा करायची असते. पुढे वारसाच्या नावाने नवा परवाना काढता येतो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्यासाठी छिंदवाड्याला जावे लागत नाही, एवढी सोय झाली. मुलगा पुण्याला असतो, त्याला बंदूक नको. यांना नको. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही तर ती सरकारजमा होईल. परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकायची तर आधी ठाण्यात लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा आणि 45 दिवस थांबायचे.

दिवाळीनंतर त्या सालदाराचा मुलगा घरी आला. वडील आता थकले आहेत, काठीने चालतात. मुलाने स्वतःचे दोन एकर घेतले आहे, मका लावतो. त्याने पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. ओसरीवर बसून, चहाची बशी खाली ठेवत त्याने यांना विचारले, "काकाजी, ती बंदूक विकणार आहे का?" हे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, आधी तुझा परवाना येऊ दे.

तो अजून आलेला नाही. ठाण्याची पावती मी देवघराच्या खालच्या खणात, मामाजींच्या रत्नकरंडाच्या पोथीत ठेवली आहे.